‘जळले’ आणि ‘जाळले’ : संहारवृत्तांतांच्या वाचनाविषयी

युद्ध, दुष्काळ, कत्तल, देशत्याग यांच्या ज्या हकीकती गद्यात लिहिल्या गेल्या आहेत, त्यांना आपल्या समीक्षेत अद्याप स्वतःचे घर मिळालेले नाही. इतिहासाचे अभ्यासक त्यांच्याकडे साधन म्हणून पाहतात. सन, स्थळ आणि संख्या तेवढी वेचून घेतात व उरलेला मजकूर साहित्याच्या अभ्यासकांसाठी मागे ठेवतात. साहित्याचे अभ्यासक तो उचलतात खरे, परंतु करुण, भयानक आणि बीभत्स अशा तीन खणांत वाटून मोकळे होतात. वाचकवर्ग मात्र या पुस्तकांकडे पाठ फिरवीत नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. अशा जुन्या ग्रंथालयांच्या परिसरात वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी नाझी छळछावण्यांविषयी, हिरोशिमाविषयी काही ना काही वाचलेले असते. काय वाटले असे विचारल्यास ‘अंगावर काटा आला’ हे उत्तर ठरलेले असते. काट्याविषयी माझी तक्रार नाही. काटा आल्यानंतर वाचन थांबते, याविषयी आहे.

या थांबण्यामागे आपल्या साहित्यविचाराचाही थोडा हात आहे. भट्टनायकाने मांडलेला आणि अभिनवगुप्ताने आपल्या परीने स्वीकारलेला साधारणीकरणाचा विचार असा की, रंगभूमीवरील शोक हा अमुक व्यक्तीचा, अमुक काळाचा राहत नाही. देशकालाच्या उपाधी गळून पडतात आणि म्हणूनच तो आस्वाद्य होतो. नाटकाच्या बाबतीत हे यथार्थ आहे. परंतु जी स्त्री खरोखरच एका गावात, एका तारखेस, एका माणसाच्या हातून मारली गेली, तिच्या देशकालाच्या उपाधी गळून पडल्या तर शिल्लक काय राहते? ‘मानवी दुःख’ नावाचा एक धूसर पदार्थ. त्यात मेलेली व्यक्ती विरघळते आणि, हे अधिक महत्त्वाचे, मारणाराही विरघळतो. तेव्हा या ग्रंथांच्या वाचनास उलट दिशेची क्रिया आवश्यक आहे. आणि ती कोठून आरंभावी याचे उत्तर, मला वाटते, रसशास्त्रापेक्षा व्याकरणात शोधणे फलदायी ठरेल.

मराठीत धातूंच्या काही जोड्या आहेत: मरणे–मारणे, जळणे–जाळणे, पडणे–पाडणे, तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे. संस्कृत प्रयोजकातील स्वराची वृद्धी किंवा गुण आपण असा जपून ठेवला आहे. ‘घर जळले’ आणि ‘घर जाळले’ यांत लिहिताना फक्त एका कान्याचा फरक. पहिल्या वाक्यात कर्ता घरच आहे आणि वाक्य तेथेच पुरे होते. दुसऱ्यात कर्ता सांगितलेला नसला तरी त्याची जागा रिकामी ठेवलेली असते, आणि ती रिकामी जागा ऐकणाऱ्याला ‘कोणी?’ असे विचारावयास लावते. यांच्या मध्ये, व्याकरणकार ज्याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात तो ‘जाळले गेले’ हा प्रयोग येतो. येथे कर्त्यासाठी ‘कडून’ची सोय आहे, पण वर्तमानपत्र चाळून पाहावे, ती सोय किती वेळा वापरली जाते ते सहज कळेल.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. आपण ‘दुष्काळ पडला’ म्हणतो, पाऊस पडतो त्याच धातूने. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाविषयीही मराठीत दुसरे क्रियापद नाही. आणि त्यात अन्नाची तूट हे मुख्य कारण नव्हते, लोकांची अन्न मिळविण्याची ऐपत कोसळली हे होते, असे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. सुमारे तीस लाख माणसे ज्यात दगावली असे मानले जाते, ती घटना सेनांच्या विवेचनानंतरही आपल्या भाषेत आकाशातूनच पडते. ‘दंगल उसळली’, ‘हिंसाचार भडकला’, ‘फाळणी झाली’ ही याच कुळातील वाक्ये. ‘हत्याकांड’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. कांड म्हणजे ग्रंथाचा एक विभाग. घडलेल्या खुनांना आपण एका पोथीतील प्रकरणाचे नाव देऊन टाकतो.

या दृष्टीने ज्या मराठी ग्रंथाचे वाचन सर्वांत उद्‌बोधक ठरते, त्याचा संबंध योगायोगाने कल्याणशी आहे. वरसई येथील विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनाच्या हेतूने आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे गेले, बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीस राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयास राहिले आणि एप्रिल १८५८ च्या आरंभी सर ह्यू रोझच्या सैन्याने ते शहर घेतले तेव्हा आतच होते. पुढे १८८३ च्या सुमारास त्यांनी ही सर्व हकीकत लिहिली, ती चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून. भारताचार्य वैद्य हे कल्याणचे. त्यांचा जन्म तेथलाच, १८६१ चा. हस्तलिखित त्यांच्याजवळ राहिले आणि १९०७ साली, लेखनानंतर सुमारे चोवीस वर्षांनी, त्यांनी ते ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केले.

या ग्रंथाची ख्याती प्रवासवर्णन म्हणून, राणीच्या दर्शनासाठी आणि भटजींच्या भाबड्या मिस्कील स्वभावासाठी आहे. ती खोटी नाही. परंतु झाशी पडल्यानंतरच्या दिवसांचे जे वर्णन त्यात आहे, ते मराठी गद्यातील संहारवृत्तांताचा एक आद्य आणि अजून न ओलांडला गेलेला नमुना आहे, असे माझे मत आहे. गोडसे भटजी तेथे विशेषणे फार वापरीत नाहीत. गवताच्या गंजीत लपलेली माणसे गंजीसकट जाळली, विहिरीत उतरून बसलेल्यांवर वरून गोळ्या घातल्या, हे ते ज्या सुरात सांगतात त्याच सुरात घरात शिरलेल्या गोऱ्या शिपायांनी पैसा कसा मागितला हेही सांगतात. लूट सोन्यारुप्यापासून सुरू होऊन भांड्याकुंड्यांपर्यंत आणि धान्यापर्यंत दिवसागणिक कशी खाली उतरत गेली, कोणत्या पलटणीने काय नेले, याचा त्यांचा हिशेब एखाद्या कारकुनाला शोभेल असा आहे. दक्षिणेच्या रुपयांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाची सवय येथे साक्षीदाराच्या उपयोगी पडली. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची धूळधाण सांगताना मात्र त्यांचा स्वर क्षणभर बदलतो. पोथ्यांवर पोट असलेल्या ब्राह्मणाचे ते दुःख आहे आणि ते तितक्याच सरळपणे वाचावे.

या प्रकरणातील कळीचा शब्द ‘बिजन’ हा होय. फारसीतील ‘झदन’ म्हणजे मारणे. त्याचे आज्ञार्थी रूप ‘बिझन’, म्हणजे ‘मार!’. मराठीत या हुकुमाचेच नाम झाले आणि सरसकट कापाकापीस ‘बिजन’ म्हणू लागले. आज हा शब्द मागे पडला आहे, आणि त्याची जागा घेणाऱ्या ‘नरसंहार’, ‘हत्याकांड’ या शब्दांत जे नाही ते त्याच्यात आहे: बिजनाच्या पोटात हुकूम देणारा आवाज दडलेला आहे. बिजन होत नाही, करविले जाते. ते सुरू होते तसे आज्ञेने थांबतेही. झाशीतही ते थांबल्याची द्वाही फिरली असे भटजी सांगतात. जो अनर्थ दवंडी पिटून थांबविता येतो तो आकाशातून पडलेला नसतो, एवढे तर त्या दवंडीवरूनच सिद्ध होते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. कर्ता सांगितला की वृत्तांत प्रामाणिक, आणि न सांगितला की लबाड, असा सरधोपट नियम करता येईल काय? येणार नाही. जॉन हर्सी यांचा ‘हिरोशिमा’ हा १९४६ सालचा वृत्तांत घ्यावा. वाचलेल्या सहा माणसांच्या डोळ्यांनी तो लिहिला आहे, आणि त्यात बॉम्ब टाकणारा जवळजवळ दिसतच नाही. तरीही तो ग्रंथ अप्रामाणिक आहे असे कोणी म्हणणार नाही. कारण ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी जे खाली होते त्यांच्या दृष्टीने काहीतरी झळकले आणि सर्व कोसळले, एवढेच घडले. ‘पडला’ हे त्यांचे क्रियापद त्यांच्या अनुभवाशी इमान राखणारे आहे. विमानातून पाहणाऱ्याने किंवा त्या दिवशीचे सरकारी पत्रक लिहिणाऱ्याने ‘पडला’ म्हणावे, तर तेच क्रियापद बेइमान होते. ठाण्याच्या किल्ल्याचे उदाहरण घ्या. आज तेथे मध्यवर्ती कारागृह आहे. २८ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी तो हल्ला करून घेतला आणि आतल्या शिबंदीपैकी बहुतेकांना ठार केले. इंग्रजी इतिहासलेखनात अशा प्रसंगी शिबंदी ‘तलवारीच्या स्वाधीन’ करण्याचा वाक्प्रचार आहे. मारते ती तलवार, धरणारा हात नव्हे. जिंकणाऱ्याच्या मुखी हा प्रयोग येतो तेव्हा त्याच्याकडे पाहण्याची आपली नजर वेगळी हवी. तात्पर्य, बोलणारा कोठे उभा होता आणि तेथून त्याला काय दिसू शकत होते, याच्याशी क्रियापद ताडून पाहावयाचे.

हा निकष खुद्द गोडसे भटजींनाही लावला पाहिजे. बंडाची कारणे सांगताना ते कलकत्त्यास राजेरजवाड्यांच्या जमावासमोर सरकारने धर्मात ढवळाढवळ करणारी चौऱ्यांशी कलमे मांडल्याची हकीकत देतात. इतिहासाच्या दृष्टीने तिला आधार नाही. ती त्या वेळच्या लोकांची समजूत आहे, आणि समजूत म्हणून मोलाची आहे. कारणे सांगणारा हा माणूस आणि झाशीच्या गल्लीत जीव मुठीत धरून बसलेला माणूस एकच असला, तरी साक्षीदार दोन आहेत. काही भाषांत पाहिलेले आणि ऐकलेले यांचा भेद क्रियापदाच्या प्रत्ययानेच करावा लागतो. तुर्की हे त्याचे परिचित उदाहरण. मराठीत ती सक्ती नाही, पण ‘म्हणे’ हे एक लहानसे अव्यय आपल्याजवळ आहे. ‘राणी घोड्यावरून पडली’ आणि ‘राणी घोड्यावरून पडली म्हणे’ यांतील अंतर लहान मुलालाही कळते. संहारवृत्तांत वाचताना, जेथे लेखकाने ‘म्हणे’ लिहिलेले नाही पण लिहावयास हवे होते, तेथे ते आपण मनात घालीत जावे. या एका सवयीने पुष्कळ ग्रंथ निम्म्यावर येतात, आणि जे उरते ते अधिक भरवशाचे असते.

आता संपादनाचा प्रश्न. वैद्यांनी हस्तलिखित जसेच्या तसे छापले नाही. भाषेला त्यांनी प्रमाण वळण दिले, काही मजकूर गाळला, काही ठिकाणी भर घातली. त्यांच्या काळाच्या रुचीस आणि कायद्याच्या भीतीस धरून ते स्वाभाविक होते. त्यांनी ते कागद जपले नसते तर आज बोलावयास विषयच उरला नसता. परंतु १९६६ साली दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून संहिता प्रसिद्ध केली, तेव्हापासून अभ्यासासाठी वैद्यांची प्रत वापरण्यास सबब उरलेली नाही. तरीही प्रबंधांतून ती उद्धृत होताना दिसते, कारण ती वाचावयास सोपी आहे. (सोपेपणा हा प्रबंधाचा गुण असू शकतो, संहितेच्या निवडीचे कारण असू शकत नाही.) हिंदीत अमृतलाल नागरांनी आणि अलीकडे इंग्रजीत एकाहून अधिक अनुवादकांनी हा ग्रंथ नेला आहे; त्यांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्यानेही आधी कोणती संहिता कोणी धरली हे पाहणे आवश्यक आहे.

भाषेच्या शुद्धीकरणाने नेमके काय जाते? जुन्या गद्याची वाक्ये ‘ऊन’प्रत्ययी धातुसाधितांची लांब साखळी असतात: उठून, जाऊन, पाहून, परत येऊन. त्यांत एकामागून एक असा क्रम असतो. एकामुळे दुसरे असा कार्यकारणभाव सांगितलेला नसतो. घाबरलेल्या माणसाच्या स्मृतीतही क्रमच राहतो. संपादक ही साखळी तोडून चार सुटसुटीत वाक्ये करतो आणि त्यांच्या मध्ये ‘म्हणून’ किंवा ‘त्यामुळे’ घालतो, तेव्हा त्याने साक्षीदाराच्या तोंडी इतिहासकाराचे विधान घातलेले असते. वाचकास ते खटकत नाही, उलट सुबोध वाटते. संहारवृत्तांताच्या बाबतीत अशुद्धता हा पुष्कळदा पुराव्याचा भाग असतो. अडखळलेले वाक्य, दोनदा आलेला शब्द, मध्येच बदललेला काळ, हे सर्व सुधारून घेतले की जे उरते ते निबंधास बरे दिसते, एवढेच.

दुसरा धोका याच्या उलट आहे, आणि माझ्या मते अधिक गंभीर आहे. कर्ता लपविण्याने जशी फसवणूक होते, तशी कर्ता फुगविण्यानेही होते. १८५७ चेच पाहा. ८ जून रोजी झाशीच्या जोखनबागेत शरण आलेली इंग्रज स्त्री-पुरुष-मुले बंडवाल्यांनी कापून काढली. १५ जुलै रोजी कानपुरास बिबीघरात सुमारे दोनशे स्त्रिया व मुले मारली गेली. हुकूम कोणाचा होता यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. या हकीकती इंग्रजी छावण्यांतून आणि वृत्तपत्रांतून वाचल्या गेल्या, पण त्यांतील कर्ता ‘अमुक टोळी’ असा राहिला नाही. तो ‘हिंदी लोक’ असा झाला. मग कानपुरात नीलने कैद्यांना ते रक्त पुसावयास लावून फासावर चढविले, आणि झाशीच्या बिजनातही जोखनबागेचा सूड घेतला गेला. म्हणजे संहारवृत्तांताचे वाचन हेच पुढच्या संहाराचे इंधन झाले. हे विसरून ‘अशी पुस्तके वाचल्याने माणूस अधिक माणुसकीने वागू लागतो’ असे आपण वर्गात सांगतो, तेव्हा आपण एक न तपासलेले विधान करीत असतो. कर्ता जितका दिसला तितकाच लिहिला आहे की एका माणसाच्या जागी सबंध जात, धर्म किंवा राष्ट्र बसविले आहे, हे तपासणे वाचकाचे दुसरे काम आहे. गोडसे भटजी ‘गोरे’ म्हणतात, पण पलटणींतही भेद करतात. सर्व नव्हे, पण बऱ्याच ठिकाणी त्यांचा कर्ता त्यांनी पाहिला तेवढाच आहे.

विसाव्या शतकात या विषयाकडे भाषाभ्यासकाच्या नजरेने पाहणारा एक श्रेष्ठ ग्रंथ जर्मनीत झाला. व्हिक्टर क्लेंपरर हे ड्रेस्डेन येथील रोमान्स भाषांचे प्राध्यापक. ज्यू म्हणून १९३५ साली त्यांची नोकरी गेली. ग्रंथालये बंद झाली, तेव्हा समोर जे छापील होते तेच, म्हणजे वृत्तपत्रे, जाहिराती, मृत्युलेख, ते वाचीत राहिले आणि राजवटीच्या भाषेची टिपणे करीत राहिले. १९४७ साली त्यांचे पुस्तक झाले. ‘फॅनॅटिक’ हा निंदेचा शब्द त्या बारा वर्षांत स्तुतीचा कसा बनला, हे त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. आपल्याकडे नाझी राजवटीची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांना वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ या ग्रंथाने करून दिली. कानिटकरांची मेहनत मोठी आहे आणि त्यांची कथनशैली पकड सोडीत नाही. परंतु क्लेंपररांनंतर त्या शीर्षकाकडे पाहिले की थबकावयास होते. भस्मासुर हा असुर आहे. तो वर मिळवून उन्मत्त होतो आणि स्वतःच्याच हाताने भस्म होतो. या रूपकात रेल्वेचे वेळापत्रक आखणारा कारकून बसत नाही, शेजाऱ्याचे घर बळकावणारा दुकानदार बसत नाही. असुर म्हटला की माणसे सुटतात. पुराणकथेची भाषा आपल्याला इतकी जवळची आहे की हे सुटणे लक्षातही येत नाही.

आणि दूरच्या छावण्यांविषयी बोलताना जवळच्या छावणीचा विसर पडू नये. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर लोकांना तेथील बराकींत ठेवले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे उल्हासनगरची कोनशिला बसविण्यात आली. तरी ‘कॅम्प’ हा शब्द आणि त्याचे एक ते पाच क्रमांक लोकांच्या तोंडी टिकून राहिले. या लोकांविषयी मराठीत जे वाक्य रूढ झाले ते असे: ‘निर्वासित आले.’ व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य स्वतःशीच भांडते. ‘निर्वासित’ हे प्रयोजक धातूचे कर्मणी भूतकालवाचक रूप, म्हणजे ‘घराबाहेर घालविलेला’; त्यात घालविणारा गृहीत आहे. ‘आले’ हे मात्र पाहुण्यांचे क्रियापद. विशेषण सांगते ते क्रियापद पुसून टाकते. ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतील दंग्यानंतर बोटींतून मुंबईस उतरलेल्यांच्या दृष्टीने त्यांचे ‘येणे’ काय होते, हे त्यांच्याच तोंडून सांगणारे मराठी पुस्तक आपल्या कपाटांत क्वचितच सापडेल. नंदिता भवनानी, साझ अगरवाल यांनी गेल्या काही वर्षांत इंग्रजीत हे काम पुष्कळ केले आहे. उपनगरी गाडीने विठ्ठलवाडीवरून जाणाऱ्या मराठी वाचकाला मात्र पोलंडमधील छावणीचे नाव ठाऊक असते.

ज्या विद्यार्थ्यांना या क्षेत्रात काही करावयाचे आहे त्यांच्यासाठी हे काम उघडे पडले आहे, आणि त्यास अवधी थोडा आहे. ज्यांनी ते पाहिले त्यांपैकी जे हयात आहेत ते तेव्हा लहान मुले होते. त्यांनी काय पाहिले आणि थोरांकडून काय ऐकले, यांची सरमिसळ झालेली असणार. जुन्या पिढीचे लेखन अरबी वळणाच्या सिंधी लिपीत आहे आणि ती लिपी त्यांच्या नातवंडांपैकी अनेकांना वाचता येत नाही. ध्वनिमुद्रण करावे, ते सिंधीतच करावे, आणि अनुवादापूर्वी मूळ उच्चार जसाच्या तसा उतरवून घ्यावा. मराठीतील धातूंच्या जोड्या सिंधीतही आहेत. ‘मरणु’ आणि ‘मारणु’ हे कोणत्याही मराठी माणसास कोशावाचून कळावेत. म्हातारा बोलणारा यांपैकी कोणते रूप कोठे वापरतो, कोठे वाक्य अर्धे टाकतो, आणि अनुवादक तेथे काय लिहितो, एवढ्यावर एक चांगला प्रबंध होईल.